वाचलेला ओलुफ

रेडिओवर बातमी लागली तेव्हा गुनवोर पावावर तपकिरी चीजच्या चकत्या ठेवत होती आणि तिचा नवरा आर्नफिन समोर बसून कॉफी फुंकून पीत होता. हेर्दिस हेल्लेविक यांच्या ‘धुक्याची घंटा’ या रहस्यकादंबरीवरचा चित्रपट ईस्टरच्या सुट्टीआधी येतोय, असं निवेदिका सांगत होती. चित्रीकरण इथल्याच बेटांवर झालंय, म्हणून पहिला खेळ ओस्लोला न होता ओलेसुंदमध्येच होणार होता. आणि खेळ संपल्यावर खुद्द लेखिका प्रेक्षकांशी बोलणार होती.

आर्नफिननं टेबलावर अशी थाप मारली की कप कलंडून कॉफी थेट त्याच्या मांडीवर गेली. त्याला त्याचं भानही नव्हतं.

“ऐकलंस? गुनवोर, ऐकलंस का? ‘धुक्याची घंटा’! आपल्या थिएटरात! आणि ती बाई स्वतः येणार!”

“ऐकलं,” गुनवोर म्हणाली. “पँट बदल आधी.”

“पँटचं काय घेऊन बसलीस! त्या धक्क्यावरच्या प्रसंगाचं कसं केलं असेल त्यांनी? ओलुफ दोर पकडतो तो प्रसंग गं! थिएटरात काय अंगावर येईल!”

गुनवोरनं फडकं घेतलं आणि टेबल पुसायला लागली. पुसून झालं तरी पुसतच राहिली. कारण हेर्दिस हेल्लेविकच्या पुस्तकात म्हातारा ओलुफ दोर पकडतच नाही. त्याला धक्क्यावरून ढकलतात, तो पाण्यात पडतो आणि मरतो. अख्ख्या नॉर्वेला हे ठाऊक होतं. माहीत नव्हतं ते एकट्या आर्नफिनला. कारण ते पुस्तक त्याला वाचून दाखवलं होतं गुनवोरनं.

आर्नफिन आयुष्यभर फेरीबोटीवर कप्तान होता. काचबिंदूनं त्याची दृष्टी हळूहळू नेली आणि साठीच्या आत त्याला बोट सोडावी लागली. हेल्लेविकच्या पहिल्या दोन कादंबऱ्या त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्या होत्या. त्यात बेर्गलियोत नावाच्या इन्स्पेक्टरणीला मदत करणारा एक आंधळा म्हातारा होता, ओलुफ. पूर्वी दीपगृहावर राहायचा, माणसांना पावलांच्या आवाजावरून ओळखायचा. दिसत होतं तेव्हा आर्नफिननं त्याच्याकडे फारसं लक्षही दिलं नव्हतं. डोळे गेले आणि मग तो सारखा ओलुफबद्दलच बोलायला लागला. म्हणजे, जे काही थोडंफार बोलायचा ते. तो हिवाळा त्यानं खिडकीशी बसून काढला. खिडकीतून त्याला काही दिसत नव्हतं, तरी खुर्ची तिकडेच तोंड करून. जेवायला बोलावलं की यायचा, दोन घास खायचा आणि परत जाऊन बसायचा.

ईस्टरला ती दोघं नेहमीप्रमाणे डोंगरातल्या त्यांच्या लाकडी घरी गेली. ईस्टरला अख्खा देश खुनाच्या गोष्टी वाचत बसतो. गुनवोरला त्या मुळीच आवडत नसत. दातांच्या डॉक्टरकडे स्वागतकक्षात बसून तिनं आयुष्यभर लोकांच्या किंकाळ्या फुकट ऐकल्या होत्या, विकत कशाला घ्यायच्या, असं तिचं म्हणणं. पण त्या वर्षी तिनं हेल्लेविकचं तिसरं पुस्तक आणलं, शेगडीजवळ बसली आणि मोठ्यानं वाचायला लागली. पहिल्या दिवशी आर्नफिन तिथेही खिडकीशीच बसून नुसता ऐकत होता. दुसऱ्या दिवशी मध्येच विचारायला लागला. तिसऱ्या दिवशी खुर्ची खिडकीकडून वळून शेगडीकडे आली होती.

आणि मग ते प्रकरण आलं. धुकं, घंटा, धक्क्यावर एकटा ओलुफ आणि मागून येणारी पावलं. गुनवोरची नजर ओळींच्या पुढे धावली आणि पान संपायच्या आत तिला कळलं की म्हातारा आता मरणार. तिचा आवाज बंद पडला.

“काय झालं?” आर्नफिन खुर्चीच्या टोकाशी आला होता. “थांबलीस का? कोण आहे मागे?”

“घसा कोरडा पडला,” ती म्हणाली. उठली, पाणी प्यायली, परत आली. पुस्तक उघडून समोर धरलं आणि त्यात नव्हतं ते वाचलं. ओलुफ पडला, पण पडता पडता त्याच्या हाताला बोटीचा दोर लागला. डांबर लावलेला, ओला दोर. त्या वासावरून त्यानं ओळखलं की ही कुणाची बोट. दोराला धरून तो वर आला, धक्क्यावर पाणी ओकला आणि म्हणाला, “समुद्रानं मला ओळखलं नाही, म्हणून परत पाठवलं.”

आर्नफिन ओरडलाच. दोन्ही मुठी खुर्चीच्या हातांवर आपटल्या, हसला, पुन्हा ओरडला. त्या संध्याकाळी त्यानं बटाटे दुसऱ्यांदा वाढून घेतले आणि जेवताना खुनी कोण यावर इतका बोलला की गुनवोरला मान हलवण्यापलीकडे काही करता आलं नाही. आणि मान हलवलेली त्याला दिसतही नव्हती.

ते तेवढ्यावर राहिलं असतं तर ठीक होतं. पण हेल्लेविकबाई दर ईस्टरला नवं पुस्तक काढायची आणि आर्नफिनचा पहिला प्रश्न ठरलेला: “ओलुफ कुठाय?” पुस्तकात ओलुफ कबरीत होता. गुनवोरच्या वाचनात त्याला कुठेतरी असणं भाग होतं. मग ती पुस्तक आधी एकटी वाचून काढायला लागली आणि बर्फ बाजूला सारताना, कपडे वाळत घालताना म्हाताऱ्यासाठी जागा शोधायला लागली. इन्स्पेक्टरीण अडली की ओलुफ वास घेऊन वाट दाखवायचा. मागच्या पुस्तकात तर तिनं त्याचं पावाच्या दुकानातल्या एका विधवेशी लग्न लावून दिलं, कारण आर्नफिन सारखा म्हणत होता, या वयात त्याच्याकडे बघायला कुणीतरी हवं. खरं सांगायचं तर गुनवोरलाही ते आवडायला लागलं होतं. खुनाच्या गोष्टी न आवडणारी ही बाई आता दुकानात मासे घेताना विचार करायची की या माशाच्या वासावरून म्हातारा काय ओळखेल.

ग्रंथालयाची बोलकी पुस्तकं मिळत होती, पण आर्नफिनला ती नको होती. “त्या हेडफोनातल्या नटाला मी ‘थांब जरा’ म्हटलं तर तो थांबतो का?” असं त्याचं म्हणणं. गुपित फुटायचा धोका उरला तो शेजारी येर्मुनकडून. तो आर्नफिनचा जुना दोस्त, दोघं मिळून जोडसायकल चालवायचे, आणि तोही हेल्लेविकची पुस्तकं वाचायचा. पहिल्याच वर्षी गुनवोरनं त्याला जिन्यात गाठलं, कोपरा धरून भिंतीशी उभं केलं आणि सगळं सांगितलं. तेव्हापासून दर ईस्टरनंतर तो हळूच विचारायचा, “यंदा आपला म्हातारा काय करतोय?” म्हणजे आर्नफिनशी गप्पा मारताना पंचाईत व्हायला नको.

पहिल्या दोन कादंबऱ्यांचे चित्रपट आले तेव्हा तिघं मिळून गेली होती. आर्नफिनच्या कानात मोबाइलमधून दृश्यवर्णन चालायचं: आता ती दार उघडते, आता तो वळतो. नंतर वेलचीचे गोड पाव समोर घेऊन दोघा मित्रांची जुंपायची.

“बोट लाल होती,” आर्नफिन म्हणायचा. “पुस्तकात हिरवी आहे!”

“अरे, तुला दिसत नाही तर रंग कुठला का असेना!”

“मला पुस्तकातला दिसतो ना! आणि हिवाळ्याचा उन्हाळा का केला?”

“हिवाळ्यात अंधारच असतो, काय दाखवणार पडद्यावर? तुझ्या पुस्तकात ती बाई तीन पानं जिना चढते. सिनेमात दोन पावलांत वर. याला म्हणतात गोष्ट सांगणं.”

“त्या तीन पानांतच तर भीती आहे, गाढवा!”

गुनवोरला ते भांडण ऐकायला फार आवडायचं. ते दोन चित्रपट तिला निर्धास्त बघता आले होते. पुस्तकं आर्नफिननं स्वतः वाचली होती, तिचा हात कुठेही लागला नव्हता. हा तिसरा मात्र तिच्या अंगाशी येणार होता.

बातमी लागली त्याच दुपारी ती येर्मुनच्या दारात उभी राहिली.

“सांगून टाक त्याला,” येर्मुन म्हणाला.

“कसं सांगू? म्हणू, तुझा मित्र कधीच मेला, त्याचं लग्न मी कपडे वाळत घालताना लावलं?”

येर्मुननं हनुवटी खाजवली. मग त्याचे डोळे चमकले. “थांब. सिनेमावाले सगळं बदलतात की नाही? बोट लाल केली, ऋतू बदलला, इन्स्पेक्टरणीला प्रियकर दिला. मग म्हाताऱ्याला जिवंत ठेवला नसेल कशावरून? लोकांचा लाडका आहे तो. पुढचे सिनेमे काढायला त्यांनाही हवाच की!”

गुनवोरनं ती आशा घट्ट धरली. वर्तमानपत्रातली परीक्षणं तिनं पुन्हा पुन्हा वाचली. प्रत्येकात शेवटी तेच: रहस्य फोडत नाही. थिएटरात फोन करून विचारलं की दृश्यवर्णनाची सोय यंदा बंद पडलीय का हो? पलीकडची मुलगी आनंदानं म्हणाली, “छे! यंदा तर फारच छान केलंय!”

त्यात आर्नफिननं हट्ट धरला की चित्रपटाआधी पुस्तक पुन्हा वाचायचं, म्हणजे फरक नीट पकडता येतील. गुनवोर घाम पुसत वाचायला बसली. इतक्या वर्षांपूर्वी आयत्या वेळी काय काय जोडलं होतं, ते तिला थोडंच आठवत होतं! पण त्याला सगळं आठवत होतं.

“दोर ओला होता आणि त्याला डांबराचा वास होता,” तो मध्येच म्हणाला. “वासाचं वाक्य गाळलंस तू.”

“पान चिकटलं होतं,” ती म्हणाली. “आलेच त्याच्याकडे.”

“आणि मग समुद्राचं वाक्य. ते हळू म्हण हं. मागच्या वेळी हळू म्हटलं होतंस.”

तिनं ते हळू म्हटलं. तो ऐकताना ओठ हलवत होता. त्याला ते वाक्य पाठ होतं. तिच्या छातीत भीतीबरोबर आणखीही काहीतरी धडधडलं, आणि लाज वाटली तरी ते सुखाचं होतं.

खेळाच्या दिवशी थिएटर तुडुंब भरलं होतं. बेटांवरची माणसं आपापली घरं पडद्यावर बघायला आली होती. आर्नफिननं इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस पाण्यानं बसवले होते, पांढरी काठी गुडघ्यांत उभी धरली होती. एका बाजूला गुनवोर, दुसऱ्या बाजूला येर्मुन.

चित्रपट चांगला होता. इतका चांगला की गुनवोर मधूनमधून स्वतःची भीतीही विसरत होती. इन्स्पेक्टरणीचं काम करणारी नटी काही न बोलता नुसती भुवई उचलायची आणि सगळं समजायचं. आर्नफिन गुनवोरच्या कानाशी येऊन सारखा कुजबुजत होता. “हे पुस्तकात नाही. पण चाललं! हे बरंय! अरे, हे तर पुस्तकापेक्षा बरंय!”

मग धुकं आलं. पडद्यावर, आणि आवाजातही. सगळं कापसात गुंडाळल्यासारखं झालं. दूर घंटा. धक्क्यावर ओलुफ एकटा, मान जराशी वळवलेली. मागून पावलं. थिएटरात कुणी खोकलंही नाही. आर्नफिननं गुनवोरचा हात धरला आणि तिनं त्याच्यापेक्षाही जोरात त्याचा.

धक्का बसला. म्हातारा पडला. आणि पडद्यावर, गुनवोरनं डोळे फाडून बघितलं, पडद्यावर दोर होता! बोटीचा दोर, पाण्यात लोंबणारा. एक हात पाण्यातून वर आला, बोटं दोराला लागली, आवळली गेली. गुनवोर खुर्चीतून अर्धी उठली. “धर!” ती स्वतःशीच म्हणाली. “धर रे, धर!”

बोटं सुटली. हात खाली गेला. वर नुसतं पाणी राहिलं, आणि घंटा.

आर्नफिनच्या कानातल्या आवाजानं त्याला ते अर्ध्या श्वासानंतर सांगितलं असावं. “नाही!” तो ओरडला. पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. “नाही, नाही, हे चूक आहे! गुनवोर, मारला त्यांनी त्याला!”

उरलेला चित्रपट तो ताठ बसून राहिला, ओठ मिटून. दिवे लागले, टाळ्या झाल्या, आणि हेर्दिस हेल्लेविक मंचावर आली. पन्नाशीची, उंच, हाताला लोकरीचे मोजे तसेच, काढायचे विसरलेले. कुणी प्रश्न विचारणार का, असं निवेदकानं म्हणायच्या आत आर्नफिन काठी टेकून उभा होता.

“हेल्लेविकबाई,” तो म्हणाला. फेरीबोटीवर हाका मारून कमावलेला त्याचा आवाज, त्याला माइकची गरज नव्हती. “मी तुमची सगळी पुस्तकं वाचलीत. सिनेमावाले बदल करतात, मला मान्य आहे. बोट लाल करा, काळी करा. पण ओलुफला मारू कसा दिलात तुम्ही?”

लेखिका गोंधळली. “पण... पुस्तकातही तो मरतोच ना.”

लोक हसले. वाईट हसणं नव्हतं, पण हसले. आर्नफिन वर मान करून उभा राहिला.

“मरत नाही! त्याच्या हाताला दोर लागतो. डांबराचा, ओला. तो वर येतो आणि म्हणतो, समुद्रानं मला ओळखलं नाही, म्हणून परत पाठवलं.”

हसणं थांबलं. हेल्लेविकबाईनं हातातला माइक जरा खाली केला.

“हे वाक्य मी लिहिलेलं नाही,” ती सावकाश म्हणाली. “लिहिलं असतं तर बरं झालं असतं. कुठे वाचलंत तुम्ही?”

येर्मुन खुर्चीत खाली खाली सरकत होता. गुनवोर उठून उभी राहिली. तिचा आवाज निघाला तो स्पष्ट निघाला.

“त्यानं नाही वाचलं. त्याला दिसत नाही. मी वाचून दाखवते. ओलुफला मी वाचवलं. म्हणजे, त्या वर्षी मला ते मोठ्यानं म्हणवेना. मी वेगळं वाचलं म्हणून तो वाचला.”

आर्नफिननं मान तिच्याकडे वळवली.

“मग पुढच्या पुस्तकांत?” लेखिकेनं विचारलं. ती मंचाच्या अगदी कडेला आली होती. “पुढे तो काय करतो? धुरीघरातल्या खुनात? तिथे मला माग कसा लावावा हेच सुचत नव्हतं. मी महिनाभर डोकं आपटत होते.”

आर्नफिनला राहवलं नाही. उत्तर त्याला येत होतं, आणि लेखिका विचारत होती. “सोपं आहे,” तो म्हणाला. “मासे धुरवायला सगळे जुनिपरचं लाकूड वापरतात. ओलुफ दारात उभा राहतो, नाक वर करतो आणि म्हणतो, इथे आज रंग दिलेलं लाकूड जळलंय. म्हणजे कुणीतरी बोटीची फळी जाळली. म्हणजे बोट बुडालीच नाही, ती...”

तो थांबला.

“हे तू केलंस?” त्यानं विचारलं. आता हळू, फक्त तिला.

“हो.”

“लग्नसुद्धा?”

“लग्नसुद्धा.”

तो खाली बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हेल्लेविकबाईनंही वाजवल्या, कुणीतरी शिट्टी मारली. गुनवोरला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि त्यावर तिला काही वाचता येत नव्हतं.

घरी जाताना बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला. येर्मुननं दोनदा बोटीच्या रंगावरून त्याला डिवचलं, मग त्यानंही नाद सोडला. दाराशी बूट काढताना आर्नफिन एवढंच म्हणाला, “सकाळी ग्रंथालयाला फोन कर. सगळी पुस्तकं मला हवीत. ती बोलकी. छापलीत तशी.”

त्या ईस्टरला डोंगरात लख्ख ऊन होतं. बर्फ इतकं चमकत होतं की गुनवोरला काळ्या चष्म्यातूनही डोळे बारीक करावे लागत होते. आर्नफिन हेडफोन लावून ओसरीत बसला होता, अंगावर मेंढीचं कातडं, मांडीवर सोललेली संत्री. जेवायला उठायचा, मीठ दे, कॉफी दे म्हणायचा, पुन्हा जाऊन बसायचा. रागावल्यासारखा दिसत नव्हता. पण हसतही नव्हता. गुनवोर स्की लावून एकटी टेकडीपर्यंत जायची आणि दर वेळी लवकर परतायची. घराजवळ आली की तिची पावलं आपोआप मंदावायची, कारण ओसरीतून त्याचे उद्गार ऐकू यायचे. “छे!” मग बराच वेळ काही नाही. मग “अरे वा!” मग पुन्हा “छे, छे, छे!” कुठल्या पुस्तकात आहे, कुठल्या प्रकरणात, ‘छे’ कुणाला आणि ‘वा’ कुणाला, हे विचारायची तिची हिंमत होत नव्हती. दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसायची पाळी आलेल्या लोकांना काय वाटत असेल ते तिला आता कळलं.

शनिवारी येर्मुन पाठीवर पिशवी घेऊन स्कीवरून वर आला. त्यानं बूट झटकले आणि आर्नफिननं हेडफोन काढला.

“बस,” तो म्हणाला. “गुनवोर, तूही बस. संपलं माझं. सगळी झाली.”

दोघं बसली. तो उठला, ओसरीत दोन फेऱ्या मारल्या आणि हात चोळले. गुनवोरनं तो हात चोळणं ओळखलं. चित्रपटानंतर गोड पाव समोर आले की तो तसेच हात चोळायचा.

“धुरीघर,” तो म्हणाला. “छापलेल्यात ती इन्स्पेक्टरीण प्रयोगशाळेत राख पाठवते, अहवाल येतो, बैठक होते, दुसरा अहवाल येतो. मी झोपलो! तुझ्यात म्हातारा एकदा नाक वर करतो आणि खेळ खलास. तुझं सरस. खाणीतला खून: तिचा सरस. तू ओलुफला खाणीत उगाच नेलंस. तिथे ती बाई एकटी असते म्हणून तर घाम फुटतो! तू तिला सोबत दिलीस आणि सगळी भीती घालवलीस.”

“मला तिची काळजी वाटली,” गुनवोर म्हणाली.

“तेच तर! तुला सगळ्यांचीच काळजी वाटते. दिव्याच्या खांबाचीसुद्धा.” येर्मुन हसायला लागला आणि आर्नफिनही हसला. पण मग तो थांबला आणि खुर्चीची पाठ चाचपून खाली बसला. “एक गोष्ट मात्र मला आवडली नाही. बेर्गलियोतचा बाप मरतो ते प्रकरण तू गाळलंस. अख्खं.”

गुनवोरनं हातातलं संत्रं खाली ठेवलं. “त्याच वर्षी तुझे वडील गेले होते.”

“माहीत आहे मला. म्हणूनच ते मला हवं होतं. ती बाई बापाचे बूट घेऊन बसते ना, टाकूनही देववत नाहीत... मीसुद्धा बसलो होतो तसाच. मला वाटत होतं असं मी एकटाच करतो.” त्यानं तिच्या दिशेनं हात पुढे केला. “ओलुफला वाचवलंस त्याचं मी काही म्हणत नाही. त्या हिवाळ्यात दुसरं काही वाचलं असतंस तर मी ऐकलंही नसतं. पण मी तेव्हाचा राहिलो नाही गं. आता मला न विचारता कुणाला वाचवू नकोस.”

“नाही वाचवणार,” ती म्हणाली. तिनं त्याचा हात धरला. डोळे भरून आले होते आणि ते त्याला दिसत नव्हते, तरी त्यानं अंगठ्यानं तिच्या हातावर थोपटलं.

“आणि ते लग्न,” तो म्हणाला.

“जास्त झालं ना? मला वाटलंच होतं.”

“जास्त कसलं! एकानंही भाषण केलं नाही त्यात. भाषणाशिवाय लग्न असतं का? म्हाताऱ्याची शोभा केलीस.”

येर्मुन पोट धरून हसत होता. मग त्यानं पिशवीत हात घातला आणि यंदाचं नवं पुस्तक टेबलावर आपटलं. थिएटरात त्या दिवशी त्यानं ते लेखिकेकडून सही करून घेतलं होतं. गुनवोरनं पहिलं पान उघडलं. सहीच्या वर लिहिलं होतं: “गुनवोर आणि आर्नफिन यांना. यात ओलुफ नाही. माफ करा.”

तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि हे जसंच्या तसं आहे, असंही सांगितलं.

“बघूया तिला काय जमतं ते,” आर्नफिन शेगडीजवळची खुर्ची ओढत म्हणाला. “वाच. गाळायचं नाही, घालायचं नाही.”

गुनवोरनं बटाटे चुलीवर चढवले, चष्मा पुसला आणि बसली. या वर्षी तिनं आधी एक ओळही वाचली नव्हती. पुढे काय आहे ते तिला त्याच्याइतकंच ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच पानावर इन्स्पेक्टर बेर्गलियोत घरी येते, दिवा लावायला हात वर करते आणि तिला जाणवतं की बटणावर आधीच कुणाची तरी बोटं आहेत.

“बाप रे!” गुनवोर म्हणाली.

“हे पुस्तकात आहे?”

“नाही, हे माझं! पुस्तकात आहे...” आणि ती वाचत सुटली. तिचा आवाज चढला, मग उतरला, मग कुजबुजीवर आला. आर्नफिन पुढे झुकला होता, येर्मुननं जमिनीवर बसून गुडघे आवळले होते. बेर्गलियोत अंधारात मागे सरकत होती, तिचा पाय कशाला तरी लागला, ते हललं...

“करपल्याचा वास येतोय,” आर्नफिन म्हणाला.

“बटाटे!” गुनवोर अर्धवट उठली.

“करपू देत! वाच!”

“मी उतरवतो,” येर्मुन धडपडत उठला आणि चुलीकडे पळाला. “पण मी येईपर्यंत पुढे जायचं नाही हं! ऐकलंत का? एक ओळही पुढे जायचं नाही!”

“लवकर ये मग!” दोघं एकदमच ओरडली, आणि गुनवोरनं पान उलटलं.